हात लावायचं पुस्तक

"मावशी, हे हात लावायचं पुस्तक आहे का?"

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीआधीची ही गोष्ट. माझ्या जुन्या शाळेच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून भिजलेली पुस्तकं वाळत घालत होते. दार उघडं होतं. मधली सुट्टी झाली होती आणि दारात एक सहावीतली मुलगी उभी होती. एका हातात डबा, दुसरा हात पाठीमागे. तिची नजर खिडकीखालच्या पक्ष्यांच्या पुस्तकावर होती. मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "म्हणजे काय गं?" तर तिने अगदी समजावून सांगितलं, "म्हणजे काही हात लावायची असतात, काही बघायची असतात. कपाटातली बघायची असतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चपला बाहेर काढायच्या, प्रार्थनेला रांगेत उभं राहायचं, तसंच हेही. मी म्हटलं, "हे हात लावायचं आहे." तिने डबा उंबऱ्यावर ठेवला, दोन्ही तळवे फ्रॉकला पुसले, मग उलटे करून पुन्हा पुसले आणि उभ्यानेच पुस्तक उघडलं. घंटा झाली तेव्हा तिने ते होतं तसंच, त्याच वर्तमानपत्रावर, त्याच तिरक्या कोनात ठेवलं आणि पळाली. ते इतकं नेमकं ठेवणं मला फार लागलं. परक्या घरी गेल्यावर मुलं अशी वागतात.

घरी येईपर्यंत, रात्री, दुसऱ्या दिवशीही ते वाक्य डोक्यातून जाईना.

मला ते एवढं का लागलं याचं कारण आमच्या घरात आहे. माझे वडील, अण्णा, बाइंडर होते. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं आमचं घर, त्यातली पुढची खोली म्हणजे दुकान. सकाळी आई चहाचं आधण उतरवायची की अण्णा त्याच स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायला ठेवायचे. खळीत थोडा मोरचूद पडायचा, कसर लागू नये म्हणून. त्या निळ्या खड्यांची बरणी वरच्या फळीवर असायची, कारण मोरचूद विषारी. आमच्या घरात हात न लावायची वस्तू ती एकच. पुस्तकांना मात्र कुठल्याही अवस्थेत हात लावलेला चालायचा. शिवण उसवलेली, पाठ गेलेली, शिकंज्यात आवळलेली, अर्धी शिवलेली. शाळांची, वाचनालयांची, वकिलांची, भजनी मंडळाची. मी कित्येक गोष्टी चाळीसाव्या पानापासून वाचल्या आहेत, कारण पहिले फॉर्म, म्हणजे एकत्र शिवायच्या पानांचे जुडगे, तेवढ्यात अण्णांच्या दाभणाखाली असायचे. मग संध्याकाळी सुरुवात वाचायला मिळायची. गोष्ट सुरुवातीपासूनच वाचायची असते हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि अजूनही ते मला फारसं पटलेलं नाही.

अण्णांची एक सवय होती. गठ्ठा आला की तो सोडून प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचे, डोळ्यांपाशी धरायचे आणि बाजूला दोन ढीग करायचे. एक "वाचून फाटलेलं", दुसरा "ठेवून फाटलेलं". वाचून फाटलेलं पुस्तक पाठीतून जातं. मधली शिवण सैल होते, पानांचे खालचे बाहेरचे कोपरे अंगठ्याने मऊ आणि काळपट होतात, आणि एखाद्या ठिकाणी ते आपलं आपण उघडतं. तिथे काहीतरी असतंच. भांडण, भूत, लग्न, नाहीतर चित्र. ठेवून फाटलेल्या पुस्तकाची पाठ ताठ असते. पण कव्हरवरची चकाकी कसरीने खरवडून नेलेली, खळीच्या जागी भोकं, पानांच्या कडा पिवळ्या आणि कडक, उघडलं की कडकन तुटणाऱ्या. कोंदट कपाटाचा तो वास लांबूनही कळायचा. अण्णा म्हणायचे, वाचून फाटलेलं सांधता येतं, ठेवून फाटलेल्याचं काही करता येत नाही. जुना दोरा कापायचा, सोळा-सोळा पानांचे फॉर्म सुटे करायचे, मधल्या घडीला बारीक कागदाची पट्टी लावायची, नव्याने शिवायचं, पाठीला खळ, त्यावर कापड, मग पुठ्ठा, अस्तर, आणि रात्रभर शिकंज्यात. असं पुस्तक आणखी दहा वर्षं जातं. पण ज्या कागदाचा जीवच गेला आहे, त्याला दोरा धरत नाही. सुई टोचली की पान सुईच्या रेषेत फाटत जातं. हे मी अण्णांच्या हाताखाली शिकले, नंतर आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर पुन्हा हौसेने दाभण हातात घेतलं. शाळेने मला भिजलेल्या पुस्तकांसाठी बोलावलं ते त्यामुळेच.

त्या पुस्तकांचं काय झालं होतं तेही सांगायला हवं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. ते दिवस बडोद्यात ज्यांनी काढले त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी शाळेच्या तळमजल्यावरही आलं, गुडघ्याच्या वर. ग्रंथालयाची तीन लोखंडी कपाटं तिथेच होती. किल्ली ज्या बाईंकडे होती त्यांचं स्वतःचं घर पाण्यात होतं. त्या कुठल्या अवस्थेत होत्या हे कळायलाच दोन दिवस गेले. दुसरी किल्ली नव्हती, कारण दुसरी किल्ली असली की जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतो. पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी कपाटं उघडली. खालचे दोन्ही कप्पे म्हणजे विटा झाल्या होत्या. गुळगुळीत आर्ट पेपरची रंगीत पुस्तकं, जी मुलांच्या हातची खराब होतील म्हणून सगळ्यात जपून ठेवलेली होती, तीच एकमेकांना चिकटून एकसंध झाली होती. तो कागद ओला असतानाच पान पान सुटं केलं नाही तर वाळताना वरचा लेप लेपाला धरतो, मग कोणाच्या बापाने ते उघडत नाही. साध्या न्यूजप्रिंटसारख्या कागदाची स्वस्त पुस्तकं मात्र फुगली, वाकडी झाली, पण जगली. त्यांतली बरीचशी वाचवता आली. आणि मजा म्हणजे ज्या एकवीस पुस्तकांना पाणी शिवलंच नाही, ती चौथीच्या एका बाईंनी रजिस्टरमध्ये न नोंदता वरच्या मजल्यावरच्या वर्गात नेलेली होती. त्या बाई महिनाभर घाबरून गप्प होत्या.

मला किल्लीवाल्या बाईंचा राग आला नाही. पूर्वी आला असता.

माझ्या लहानपणीही त्याच शाळेत ग्रंथालयाच्या एक बाई होत्या. काचेची दारं असलेली कपाटं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शनिवारी शेवटच्या तासाला त्या वर्गात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन यायच्या आणि हजेरीच्या क्रमाने वाटायच्या. निवड नाही. पहिल्या नंबरला वरचं पुस्तक, दुसऱ्याला त्याखालचं. मला एकदा शेतीच्या खतांचं पुस्तक आलं आणि शेजारणीला जादूगाराची गोष्ट. आम्ही बाकाखालून बदललं, बाईंनी पाहिलं, आणि दोघींची पुस्तकं काढून घेतली. घरी न्यायची पद्धतच नव्हती. पस्तीस मिनिटांत जेवढं होईल तेवढं, मग मोजून परत. पुढच्या शनिवारी तेच पुस्तक आपल्याकडे येईल याची काही खात्री नाही. त्या जादूगाराचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही. घरी पुस्तकांत लोळणाऱ्या मला त्या बाई राक्षसीण वाटायच्या. मी तसं अण्णांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत.

मग एका मे महिन्यात, मी आठवी संपवली होती, भर दुपारी त्या बाई आमच्या दुकानाच्या पायरीवर आल्या. डोक्यावर पदर, हातात कागद. मला पाहून क्षणभर घुटमळल्या. अण्णांनी मला पाणी आणायला पाठवलं, पण दोन खोल्यांच्या घरात ऐकू न येण्याइतकी जागा कुठे असते. वार्षिक मोजणीत सात पुस्तकं कमी भरली होती. त्यांची किंमत पगारातून कापणार होते. पैशांपेक्षाही त्यांना त्या शेऱ्याची भीती होती. त्यांनी कागद पुढे केला आणि विचारलं, "तुमच्याकडे रद्दीतली येतात ना पुस्तकं? ही सात मिळतील का हो? जुनी चालतील. मी शिक्के मारून ठेवीन." अण्णांनी चार शोधून दिली. त्यांना शाळेच्या बाकीच्या पुस्तकांसारखंच खाकी बाइंडिंग करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. उरलेल्या तीन पुस्तकांचं काय झालं ठाऊक नाही. त्यानंतर शनिवारी त्या मोजून परत घेताना त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसायला लागली. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. त्या आम्हाला मोजत नव्हत्या, स्वतःला मोजत होत्या. तरी मला जादूगाराची हळहळ वाटायची ती वाटायचीच. दोन्ही एकदम वाटतं हे तेव्हा कोणाला सांगता येत नव्हतं.

पुढे मी स्वतः हिशेब लिहायला लागले तेव्हा या भीतीचं घर कुठे आहे ते कळलं. कचेरीत एक डेडस्टॉक रजिस्टर असतं. टेबल, खुर्ची, पंखा, कपाट. वर्षाअखेर प्रत्येक वस्तू आहे की नाही एवढंच बघायचं. ती वापरात आहे का हा प्रश्न त्या रजिस्टरला पडतच नाही. दुसरीकडे खडू, कागद, शाई. त्यांचा खर्च होतो आणि खर्च झाला म्हणून कोणी कोणाला जाब विचारत नाही. उलट वर्षभरात खडूचा एकही खोका संपला नाही तर विचारतील, बाई, तुम्ही शिकवलंत काय? शाळेतलं पुस्तक खडूच्या बाजूचं आहे की खुर्चीच्या बाजूचं? आपण ते खुर्चीच्या बाजूला लिहिलं, आणि मग मुलं वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवले. माझं म्हणणं एवढंच आहे. पोरांना वाचनाची गोडी कशी लावावी याची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली. मुलांना गोडी असतेच. ज्या माणसाच्या हाती पुस्तक सोपवलंय, त्याच्या मानेवरून ती टांगती तलवार आधी काढायला हवी.

आणि हे काही मी नव्याने सांगत नाही. नियम करणाऱ्यांनाही हे सुचलेलं आहे. भारत सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत 215 क्रमांकाचा नियम आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवली तर ते वाजवी समजावं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, आणि हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मिळ पुस्तकाची चौकशी मात्र व्हावी, एवढीच अट. हा नियम नोकरीत असताना पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पायरीवर उभ्या राहिलेल्या त्या बाई आठवल्या. त्यातला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. हजार कपाटात ठेवलेल्या पुस्तकांमागे नव्हे, हजार दिलेल्या पुस्तकांमागे. जो जास्त देईल त्याची जास्त हरवतील, आणि ते समजून घेतलं जाईल.

या शहरात तरी हे परकं वाटू नये. सयाजीरावांनी 1906 मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि लगेच त्यांना पुढचा प्रश्न पडला, की शाळा सोडलेल्या मुलाने अक्षरं विसरू नयेत म्हणून काय करायचं. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, आणि तिथे वाचकाला थेट मांडणीपाशी जाऊन पुस्तक हातात घेता येऊ लागलं. दुसऱ्या वर्षापासून फिरती ग्रंथालयं निघाली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवायची, आणि नेण्या-आणण्याचा खर्चही दरबारचा. त्या पेट्यांचा विचार मनात आला की मला त्यांच्या आतलं दिसायला लागतं. बैलगाडीत हादरत चाललेली पुस्तकं, चावडीवरची धूळ, कंदिलाचं तेल, पान उलटताना बोटाला लावलेली थुंकी. ती पुस्तकं जशी गेली तशी परत येणार नाहीत हे पाठवणाऱ्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे? तरी पेट्या जात राहिल्या. कोणीतरी वर बसून त्या झिजेची जबाबदारी स्वतःवर घेतली होती, म्हणून खालच्या मास्तराला पेटी उघडी ठेवता आली.

अण्णा मला मांडवीच्या त्या मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन जायचे. तिथल्या पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन बडोद्यातल्या सगळ्यांनाच माहीत आहे. लहानपणी मला पुस्तकांपेक्षा ती जमीन बघायची असायची. खालच्या मजल्यावर उभं राहून वर पाहिलं की दुधट हिरवट उजेडात कोणाच्या तरी पावलांच्या सावल्या सरकताना दिसायच्या. पुढे जायच्या, थांबायच्या, अर्धं वळायच्या. अण्णा हळूच म्हणायचे, "थांबला बघ. सापडलं त्याला." मग सावली बराच वेळ हलायची नाही. पुस्तक सापडलेल्या माणसाचे पाय कसे दिसतात हे मी असं खालून पाहून शिकले.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिला नियम सगळे पाठ म्हणतात, पुस्तकं वापरासाठी आहेत. इतकी साधी गोष्ट नियम म्हणून का लिहावी लागली असेल? युरोपात एकेकाळी ग्रंथ साखळदंडाने मांडणीला जखडून ठेवत. आपण साखळी वापरली नाही, कपाट वापरलं. साखळीला बांधलेलं पुस्तक निदान उघडता तरी यायचं.

तर मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या समजूतदार आहेत, आणि थकलेल्याही आहेत. मराठी शाळेचा पट वर्षागणिक उतरतो आहे, ग्रंथपालाची जागा केव्हापासून भरलेली नाही, आणि ग्रंथालय म्हणजे गणिताच्या बाईंच्या गळ्यात जास्तीचं काम. मी दर हजारी पाचचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "ताई, तो तुमच्या केंद्र सरकारच्या ग्रंथालयांचा. आमच्याकडे ऑडिटवाले येतात ते रजिस्टर उघडतात आणि पुस्तक मागतात. कोणी वाचलं का असं आजवर एकानेही विचारलेलं नाही." यावर मला बोलता येईना, कारण मी स्वतः तशीच रजिस्टरं तपासत आले होते. पैशांचा प्रश्न आहेच, पण तो पहिला नाही. सरकारी शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपये मिळतात. पुस्तकं येतात हो. 2010 मध्ये वांचे गुजरात या राज्याच्या वाचन मोहिमेच्या वेळी तर सगळीकडे वाचनाची लाट होती. पण आलेलं पुस्तक कपाटापाशी पोचलं की तिथेच थांबतं. शेवटी मीच म्हटलं, मी घरची पुस्तकं देते. देणगी म्हणून नाही, नोंदूच नका. रजिस्टरमध्ये नाहीत म्हणजे हरवूच शकत नाहीत. मोठ्या बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जिन्याखाली जागा आहे."

दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा जिन्याखाली एक लाकडी घोडा, म्हणजे उघडी मांडणी, उभा राहिला. त्यावर त्रेसष्ट पुस्तकं. वर मी खडूने लिहिलं, हात लावायची पुस्तकं.

पहिले चार दिवस कोणी आलं नाही. मुलं वरून जिन्यातून वाकून बघायची. पाचव्या दिवशी दुसरीतल्या एका मुलाने एक पुस्तक ओढलं, हुंगलं आणि परत ठेवलं. मग सगळेच हुंगायला लागले. आठवडाभर नुसतं हुंगणं चाललं होतं. मी मधल्या सुट्टीत खालच्या पायरीवर बसायचे आणि काहीतरी मोठ्याने वाचायचे. दोन पानं झाली की पुस्तक उघडंच पायरीवर ठेवून घरी निघायचे. दुसऱ्या दिवशी ते घोड्यावर नसायचं. मुलं एकेकटी वाचत नाहीत हेही तिथे बसून कळलं. ती जोडीने वाचतात, एकजण पान धरतो, दुसरा बोट फिरवतो, आणि पान उलटायच्या आधी "झालं?" विचारतात. सातवीतला एक मुलगा फक्त चित्रांखालच्या ओळी वाचायचा, सगळ्या पुस्तकांतल्या. दोन महिन्यांनी तो चित्राच्या वरच्या ओळीही वाचायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं.

मध्येच एका शिक्षिकेने उत्साहाने सांगितलं, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा दहा ओळींत सारांश लिहून आणा. त्यांचा हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवसापासून घोडा ओस पडला. मुलं जिन्यावरून खाली येताना भिंतीच्या बाजूने जायला लागली. मी त्या बाईंना विनंती केली, त्यांनी मोठ्या मनाने ऐकलं, पण मुलांचा विश्वास परत यायला तीन आठवडे लागले.

आणि एक गोष्ट मला जड गेली. ती पक्ष्यांच्या पुस्तकावाली मुलगी एकदा म्हणाली, "मावशी, गुजराती वार्ता नथी? मला ती फटाफट वाचता येते." घोड्यावर एकही गुजराती पुस्तक नव्हतं. मी जाणूनबुजून ठेवलं नव्हतं. मराठी शाळा, मराठी घोडा, एवढं तरी टिकावं असं मनात होतं. या मुलांची गल्ली गुजराती, टीव्ही हिंदी, आणि मराठी फक्त आजीची आणि शाळेची. मी दोन दिवस घुश्शात होते. मग आठवलं की अण्णांच्या दुकानात गुजराती गठ्ठेही यायचे आणि मी ती लिपी कोणी न शिकवता त्यातूनच वाचायला लागले होते. मी दहा गुजराती पुस्तकं आणून ठेवली. मराठी वाचणं कमी झालं का? थोडं झालं. खोटं कशाला बोलू. पण जिन्याखालची गर्दी वाढली, आणि गर्दीत हात कुठल्या पुस्तकावर पडेल हे कोणालाच ठाऊक नसतं.

पुस्तकं हरवलीही. मार्चअखेर माझ्या मूळ त्रेसष्टांतली पाच परत आली नव्हती. त्यातलं एक अण्णांनी माझ्यासाठी बांधलेलं होतं, हिरव्या कापडाच्या पाठीचं, आतल्या अस्तराला त्यांनी स्वतः रंग ओढून केलेला लाटांचा कागद. ते मी घोड्यावर का ठेवलं? कारण ठेवताना हात मागे आला असता तर मग मी आणि ते कपाट यांत फरक काय, असं वाटलं होतं. ते गेल्याचं कळलं त्या दिवशी मी वर्गावर्गात जाऊन विचारायला निघाले होते. सहावीच्या दारापर्यंत गेले. आतून बाईंचा आवाज येत होता, मुलं पाढे म्हणत होती. मी परत फिरले. घरी येऊन मात्र रडले. ते पुस्तक कोणाच्या तरी घरी फळीवर असेल, उशाखाली असेल, किंवा रद्दीत गेलं असेल. अजूनही रद्दीवाल्याच्या गाडीवर हिरवी पाठ दिसली की मी थांबते.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर चौथीच्या बाईंनी एक गठ्ठा माझ्या घरी पाठवला. पूर्वी अण्णांकडे यायचा तसाच, सुतळीने बांधलेला. सतरा पुस्तकं. मी सवयीने दोन ढीग करायला बसले आणि एकच ढीग झाला.

पक्ष्यांचं पुस्तक त्यात होतं. पुरातून वाचलेलं, तेव्हा मी नुसतं वाळवून, सरळ करून ठेवलं होतं. आता त्याची पाठ पार सुटली होती, मधला फॉर्म बाहेर लोंबत होता. हातात घेतलं तर ते आपलं आपण सुगरणीच्या घरट्यावर उघडलं. त्या पानाचा खालचा कोपरा काळा आणि मऊ, जुन्या नोटेसारखा. कोणीतरी पेन्सिलने घरट्याच्या तोंडाशी बाण काढला होता. मी दोरा कापला, फॉर्म सुटे केले, घडीला पट्ट्या लावल्या, आणि दुपारी शिवायला बसले तर दारात ती मुलगी. गठ्ठा घेऊन आलेल्या चौथीतल्या भावाकडून तिला पत्ता कळला होता. ती काही न बोलता पायरीवर बसली आणि शेवटपर्यंत बघत राहिली. दाभण कुठून जातं, दोरा कुठे वळतो, खळ किती लावायची. पाठीवर कापड चढवून मी पुस्तक दोन फळ्यांमध्ये ठेवलं.

"कधी मिळणार?"

"उद्या. रात्रभर वाळू दे."

तिने मान हलवली. मग उठली, पुढे वाकली, आणि मला न विचारता ओल्या पाठीवर बोट टेकवून बघितलं.

"अजून ओलं आहे," ती म्हणाली, आणि बोट फ्रॉकला पुसत पुन्हा पायरीवर बसली.